विमानतळावर माणसे न्याहाळायची असतील तर आत नव्हे, गेटबाहेर थांबा

आपण विचारले आहे की मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर रात्री बराच वेळ काढायचा आहे, तेव्हा माणसे न्याहाळत बसल्यास खऱ्या भावना पाहायला मिळतात का, आणि त्यासाठी कुठे बसावे. मी सहारला एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले, म्हणून लिहिते आहे.

सुरक्षा तपासणीच्या पलीकडे पाहण्यासारखे फारसे काही नाही. तिथे पोहोचेपर्यंत माणसाचे रडू आटोपलेले असते आणि तो फोनमध्ये डोके घालून बसतो. जे काही घडते ते टर्मिनल २ च्या चौथ्या मजल्यावर, प्रस्थानाच्या दाराबाहेर घडते, कारण आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र असल्याशिवाय आत प्रवेश नाही. पूर्वी प्रवेशतिकीट काढून नातेवाईक आत येत असत. १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येत गेली आणि बंदोबस्त कडक झाला. त्यामुळे विमान सुटायला तीन-चार तास असतानाच, गाड्या पुढे काढण्याच्या घाईत आणि शिट्ट्यांच्या आवाजात, निरोप दारातच उरकावा लागतो. युरोप-अमेरिकेची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून रात्री दहानंतर तिथे खरी गर्दी होते. ऑगस्टमध्ये शिकायला निघालेली मुले आणि त्यांची कुटुंबे, आणि वर्षभर मंडणगड-श्रीवर्धनकडून गाडी करून कुवेत-दोह्याला जाणाऱ्या माणसाला पोहोचवायला आलेले सात-आठ जण, हे सगळे तिथे दिसतात.

काउंटरवर आम्हाला प्रत्येक प्रवाशाला विचारावे लागे, ‘बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का?’ पहिल्यांदाच परदेशी निघालेली कितीतरी मुले उत्तर देण्याआधी मागे वळून दाराकडे पाहत. बॅग आईने भरलेली असे, आणि ‘हो’ म्हणताना त्यांचा आवाज बसे. ज्यांना पोहोचवायला कुणीच आलेले नसे ते ताबडतोब ‘हो’ म्हणत. हा फरक मी नोकरीभर पाहिला आहे, आणि म्हणूनच ‘निरोप घरीच घ्यावा, विमानतळावर गर्दी कशाला?’ हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

माझा थोरला भाऊ मात्र तेच म्हणतो. त्याचा मुलगा, माझा भाचा, एम.एस. करायला अमेरिकेला निघाला तेव्हा आमची आई चिपळूणला होती. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखरे. दादाने पुण्याहून फोन करून तिला सांगितले की तू येऊ नकोस, तुला गेटवरच अडवतील, व्हिडिओ कॉलवर आशीर्वाद दे. आईने त्याच्याशी वाद घातला नाही. शेजारच्या मुलाला सोबत घेऊन ती कोकण रेल्वेने ठाण्याला उतरली आणि माझ्याकडे पार्ल्याला आली. भाच्यासाठी तिने मेतकूट, आमसुले आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणल्या होत्या. खोबरे मी घरीच काढून ठेवले, कारण ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडते आणि विमानात नेऊ देत नाहीत. तिला ते पटले नाही, पण तिने ऐकले.

भाचा दिवसभर चिडचिडा झाला होता. ‘पासपोर्ट घेतलास का?’ हे दादा, वहिनी आणि मी आळीपाळीने विचारत होतो आणि तो प्रत्येकाला तोडून बोलत होता. दाराशी रांगेत त्याचा नंबर जवळ आला तेव्हा आईने पिशवीतून स्टीलची लहानशी डबी काढली. दही-साखर होती. त्याने ट्रॉली सोडून उजवा हात पुढे केला, तिने तळहातावर दही घातले, त्याने ते खाल्ले आणि मग तो तसाच उभा राहिला, कारण एक हात दह्याने चिकट आणि दुसऱ्या हातात पासपोर्ट. आईने पदराने त्याचा हात पुसला, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा, लहानपणी पुसायची तसा. तेवढ्यात तो रडू लागला. दारावरचा जवान काही बोलला नाही, मागच्या कुटुंबानेही घाई केली नाही. आत गेल्यावर भाचा काचेपलीकडून आम्हाला शोधत होता, आणि आई उंची पुरत नसल्याने हात वर करून उभी होती.

दादा गाडीपाशीच थांबला होता. परतताना तो म्हणाला, ‘दोन मिनिटांसाठी आईला एवढी दगदग.’ मी तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते की आईला दगदग झाली ती दोन मिनिटांमुळे नव्हे, तिला येऊ नकोस म्हटल्यामुळे झाली. तिची गाडीची सोय आधीच केली असती तर प्रश्नच नव्हता. आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नाही, ते हात पुसण्यातूनच दिसते, आणि व्हिडिओ कॉलवर कुणाचा हात पुसता येत नाही.

आता आपल्याविषयी. एकदा आत शिरलात की सहज बाहेर येता येत नाही, म्हणून लवकर पोहोचा आणि तासभर सामानासह बाहेरच, वाट न अडवता उभे राहा. कुणाचेही फोटो काढू नका. आगमनाच्या बाजूला आनंद दिसतो हे खरे आहे. आखातातून आलेल्या खोक्यांवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलेली नावे आणि गावे जरूर वाचा. अर्थात काही माणसांना खरोखरच एकट्याने जायला बरे वाटते, आणि आजारी माणसाला रात्री-अपरात्री प्रवास घडवू नये, हेही मला मान्य आहे. पण आपण स्वतः परदेशी निघाला असाल आणि घरातले कुणी ‘मी येते’ म्हणत असेल, तर नको म्हणू नका. तिच्यासाठी गाडी ठरवा, सोबत कुणीतरी द्या, आणि दाराशी पाच मिनिटे जास्त मिळतील अशा बेताने घरातून निघा.