गाठीच्या लाकडाचं पोकळ भांडं: भिंत का फुटते?

प्रश्न : झाडाच्या गाठीच्या (खोडावरच्या फुगवट्याच्या) लाकडातून लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या यंत्रावर, अरुंद तोंडाचं भांडं काढतोय. दोनदा आतून कोरताना भिंत आरपार गेली. ओलं लाकूड घेऊ की सुकलेलं?

उत्तर : ओलंच घ्या. सुकलेली गाठ हत्याराची धार खाते, धुळीने जीव नकोसा करते.

पण तुमची भिंत ओलेपणामुळे गेलेली नाही, घाईमुळे गेली असावी. तोंडाकडून खाली टप्प्याटप्प्याने या. वरचे दोन बोटं अंतर ठरवलेल्या जाडीला आणा, मगच खाली उतरा. खालचा भरीव भाग आधार देतो. तो आधी कोरला की वरची भिंत थरथरते. परत वर जायचं नाही. मी गेलो होतो, एकदाच.

भुसा आत गच्च बसला की हत्यार अडकतं. दर मिनिटाला लेथ थांबवा, हवेने भुसा काढा. कंटाळवाणं आहे, इलाज नाही. जाडी मोजायला मी जाड तार वाकवून चिमटा केलाय. आतलं टोक भिंतीला टेकवलं की बाहेरच्या टोकाशी जेवढी फट दिसते, तेवढी जाडी चिमट्याच्या टोकांमधल्या अंतरापेक्षा कमी.

ओलं भांडं आधी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकं जाड ठेवा : २० सेंटिमीटरला २. कागदी पिशवीत ठेवून आठवड्याला वजन करा. वजन घटायचं थांबलं की पुन्हा लेथवर घेऊन शेवटच्या जाडीला आणा. गाठीत लाकडाचे तंतू दाही दिशांना जातात, त्यामुळे ती सरळ चिरत नाही, पण वेडीवाकडी आक्रसते.

आणि सालीचे तुकडे आत दडलेले असतात, ते गोळीसारखे उडतात. तोंडभर मुखकवच लावा, नुसता चष्मा नको.