टाकीतले गोड्या पाण्यातले मासे समुद्रात सोडले तर जगतील का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातलं घर बदलताय, टाकी न्यायला जागा नाही, आणि पुढच्या शनिवारी अलिबागला जाताय तर गोल्डफिश, निऑन टेट्रा आणि मॉली तिथेच समुद्रात सोडून द्यावेत का. प्लीज नका सोडू. गोल्डफिश आणि टेट्रा काही तासांत मरतील, आणि ते मरणं फार वाईट असतं, मोकळं सोडल्याचं समाधान तुम्हाला मिळेल पण माशाला काहीच मिळणार नाही.

कारण समजून घ्या. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला साधारण ९-१० ग्रॅम मीठ धरा, आणि टाकीच्या पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे पाणी कल्ल्यांमधून सतत आत शिरत असतं, मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, उलट आत आलेलं जास्तीचं पाणी त्याच्या किडन्या दिवसरात्र पातळ लघवी करून बाहेर टाकतात आणि निघून जाणारं मीठ कल्ले पाण्यातून परत ओढून घेतात. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. तिथे सगळं उलटं होतं, कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर जसं पाणी सुटतं तसं माशाच्या अंगातलं पाणी बाहेर जायला लागतं. म्हणजे चहूबाजूंनी पाणी असून मासा तहानेने मरतो. समुद्रातला मासा खारं पाणी पितो आणि त्याचे कल्ले मीठ बाहेर फेकतात, गोल्डफिशच्या कल्ल्यांना ते जमतच नाही. (समुद्रातला क्लाउनफिश तुमच्या टाकीत टाकला तर बरोबर उलटं होईल, त्याच्या अंगात पाणी भरत जाईल.)

आता बऱ्याच जणांचा गोंधळ कुठे होतो तर आपण टाकीत मीठ टाकतोच की. हो, पांढरे ठिपके आले की मीही खडेमीठ वापरतो, लिटरला १ ते ३ ग्रॅम. पण हे प्रमाण माशाच्या रक्तातल्या मिठाच्या खूप खाली आहे, त्यामुळे आतलं बाहेरचं अंतर कमी होतं आणि आजारी माशाला उलट आराम पडतो. त्या ९-१० च्या वर गेलात की तेच मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढायला लागतं. म्हणून "थोडं मीठ चालतं म्हणजे समुद्र पण चालेल" हा हिशोब चुकीचा आहे. आणि टेट्रा, कोरीडोरास, लोच असल्यांना तर ते थोडं मीठ पण जपून द्यावं लागतं.

मॉलीची गोष्ट मात्र खरंच वेगळी आहे. मॉली मूळच्या मेक्सिकोकडच्या, नदीत असतात तशा खाडीच्या मचूळ पाण्यातही असतात, आणि हळूहळू सवय केली तर पूर्ण खाऱ्या पाण्यात जगतात, पिल्लंही देतात. गप्पीलाही बऱ्यापैकी जमतं. पण हळूहळू म्हणजे खरोखर हळूहळू, दोनतीन आठवडे घेऊन, रोज थोडं पाणी बदलून, आणि त्यासाठी सागरी टाकीचं मीठ लागतं, किचनमधलं नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. कल्ल्यांमधल्या पेशी बदलायला वेळ लागतोच. पिशवीतून थेट लाटेत टाकलेली मॉली पण मरू शकते.

तुम्ही अलिबागला जाताय म्हणून सांगतो, तिकडचा जिताडा बघा. जन्म खाडीत, खाऱ्या पाण्यात, मग पिल्लं गोड्या पाण्याकडे येतात, रायगडात लोक तळ्यात वाढवतात, आणि मोठा झाला की अंडी घालायला परत खाऱ्या पाण्याकडे. उजनीत मिळते ती चिलापी पण बरंच मीठ सोसते. पण ही त्यांच्या जातीची देणगी आहे, गोल्डफिश आणि टेट्रा त्यातले नाहीत.

आणि समुद्र नको म्हणून मुठेत, पाषाणला किंवा खडकवासल्याला पण सोडू नका. तिथे उलटी भीती, की जगतील. टाकीतून सोडलेल्या सकरने (काचेवरचं शेवाळ खातो म्हणून ठेवतात तो मासा) देशात कितीतरी तलावांत ठाण मांडलंय आणि जाळी पण फाडतो तो. आपल्या नद्यांत मूळचे मासे आधीच मार खाऊन आहेत, त्यात टाकीतले रोग आणि परके मासे कशाला.

मग करायचं काय, तर ओळखीच्या दुकानदाराला विचारा, बरेच जण फुकटात मासे घेतात, किंवा शाळेत, सोसायटीत कोणाकडे चालू टाकी असेल तर त्यांना द्या. द्यायच्या आधी एक दिवस खाणं बंद ठेवा म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही, पिशवीत पाणी एक तृतीयांश आणि बाकी हवा, आणि गोल्डफिश वेगळ्या पिशवीत. तुमचा फिल्टर पण मासे नेणाऱ्यालाच द्या, स्पंज धुवू नका, त्यात पाणी साफ ठेवणारे उपयोगी बॅक्टेरिया असतात. तुम्ही पुण्यात कुठे आहात ते खाली लिहा, कर्वेनगर-वारजे साइडला असाल तर टेट्रा आणि मॉली मीच नेतो, माझ्या टाकीत जागा आहे, फक्त गोल्डफिशसाठी कोणीतरी मोठी टाकीवाला शोधायला लागेल.