गार झाल्यावर मोज

प्रिय पोरी,

रविवारी वर्कशॉपवर आलीस, तासभर बोललीस आणि निघताना विचारलंस, "काका, डिप्लोमा सोडून पायलट व्हायच्या मागे लागू का? अंतराळात जायचा तोच रस्ता ना?" लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, चालू आहे असं दाखवून मी गप्प बसलो. जॉब केव्हाच उतरला होता.

रस्ता तू बरोबर ओळखलास. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट. १९८४ साली गेलेले राकेश शर्माही हवाई दलाचेच, आणि त्यांच्यानंतर भारताचा माणूस पुन्हा कक्षेत पोचायला २०२५चा जून उजाडला, शुभांशु शुक्लांच्या रूपाने. पण एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन उड्डाण शाखेत जायचं तर पदवी लागते. डिप्लोमा संपव, थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जा, मग बघ. सोडण्याचा विषय इथंच संपला.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी तुझ्या हातात अॅल्युमिनियमचा बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ तुकडा, दिला, मशीनवरून नुकताच उतरलेला, चटका बसेल असा. तू मायक्रोमीटर लावलास, आकडा फेकलास आणि मोबाईलवर रॉकेटचा व्हिडिओ दाखवायला लागलीस. अगं, गार तर होऊ दे! १०० मिलिमीटरचा तुकडा २० अंशांनी तापला की ४५ मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आसपास फुगतो. माप धरायचं ते २० अंश सेल्सिअसला, आणि आपल्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये काय होतं ते तूच अनुभवलंस. गार झाल्यावर मोज. मग पुन्हा मोज.

हे म्हाताऱ्याचं खूळ वाटेल. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. कारण काय, तर बूस्टरच्या सांध्यातली रबराची ओ-रिंग थंडीने ताठरली होती. आदल्या रात्री इंजिनिअर उडवू नका म्हणून सांगत होते. १९७१मध्ये सोयुझ ११ परतताना हवेची एक झडप अवेळी उघडली, तिघं जागीच संपले. तुझ्या व्हिडिओत आग दिसते, धूर दिसतो. झडप दिसते का?

माझं सांगतो. २६ वर्षांचा होतो, एका कारखान्यात तपासणीला. रात्रपाळीत शाफ्ट गरम गरम मोजले, मापात बसले, शिक्का मारला. गार झाल्यावर सगळे कमी भरले. ६० नग परत. सुपरवायझर एक शब्द बोलला नाही. तो ढीग त्याने महिनाभर माझ्या टेबलाशेजारी ठेवला, बस.

त्याच वर्षी तिरुवनंतपुरमहून, इस्रोकडून, मुलाखतीचं पत्र आलं होतं. गेलो नाही. निफाडला वडिलांची द्राक्षबाग, ऐन छाटणीचे दिवस, असं मी सगळ्यांना सांगत आलो, आणि छाटणी होतीही. पण त्या ढिगाने मी हबकलो होतो, हे घरात अजून कुणाला माहीत नाही. आणि गेलो असतो तरी काय, तिथंही मापच घेतलं असतं ना? इथं बसून पन्नासेक पोरं हाताखालून काढली, ती चांगल्या टूलरूममध्ये आहेत. हे काही कमी नाही. नाहीच कमी.

थरार मला कळत नाही असं समजू नकोस. अवकाश स्थानक दिसणार असेल त्या संध्याकाळी मी अजून गच्चीवर जातो. न लुकलुकणारा ठिपका चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो. ताशी २८,००० किलोमीटर! आणि आत माणसं निवांत झोपलेली, कुणीतरी कुठंतरी गार झाल्यावर मोजलेल्या सांध्यांच्या भरवशावर. तुझी काकू खालून ओरडते, पोळ्या गार होतायत. होऊ देत म्हणतो.

शनिवारी दहाला ये. तो बुश टेबलावरच आहे, फडक्याखाली. मोज, आकडा मला न सांगता वहीत लिही. आपण चहा घेऊ. मग पुन्हा मोज. आणि मोबाईल आईकडे ठेवून ये.

तुझा,
काका