पुन्हा शिडाकडे

प्रश्न : वय ५२, वजन ७८ किलो. तरुणपणी दोनापावलाला मिस्ट्रल वन डिझाइन या बोर्डवर विंडसर्फिंग करायचो. वीस वर्षांनी परत सुरू करतोय. कोणता बोर्ड घेऊ? जुनी डोलकाठी चालेल का?

उत्तर : तुमचा बोर्ड ३७२ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ६३ रुंद. आता लांबी अडीच मीटरच्या आसपास आली आहे, तोल रुंदीवर सांभाळला जातो. मी बारा वर्षांनी परतले तेव्हा हौसेनं ११० लिटरचा बोर्ड घेतला (लिटर म्हणजे बोर्डचं आकारमान; ते जितकं जास्त, तितका बोर्ड जास्त भार तरंगत पेलतो). पहिला महिना शीड पाण्यातून ओढण्यातच गेला, कंबर धरली. म्हणून कळकळीनं सांगते, लिटरमध्ये काटकसर नको. तुम्ही १५० ते १७० लिटरचा, ८० सेंटिमीटरच्या आसपास रुंद बोर्ड घ्या. शक्यतो डॅगरबोर्डवाला (बोर्डखाली पाण्यात सोडायची उभी पाती असलेला), म्हणजे वारा पडला तरी किनारा गाठता येतो. शीड ६ चौरस मीटरचं पुरे.

जुनी डोलकाठी मात्र सोडा. नव्या शिडावर कोणत्या लांबीची, किती वाकणारी काठी हवी ते छापलेलं असतं. ते जुळलं नाही तर शीड नीट ताणलंच जात नाही. डोलकाठी बोर्डला जोडणाऱ्या जुन्या सांध्याचं रबर तर आधी टाकून द्या. खोल पाण्यात तुटलं की बोर्ड एकीकडे, शीड दुसरीकडे. हार्नेसच्या (शिडाची ओढ अंगावर घेणाऱ्या पट्ट्याच्या) दोऱ्याही आता लांब वापरतात. फॉइलचं (बोर्डला पाण्याच्या वर उचलून धरणाऱ्या पाण्याखालच्या पंखाचं) पुढच्या मोसमात बघू.