कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात ऑटो सोडून बाकीचे मोड कधी वापरायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅमेरा खिशात मावणारा, कॉम्पॅक्ट. डायलवर हिरवा ऑटो, पी, ए, एस, एम आणि एससीएन. आजवर ऑटो सोडून काही लावलं नाही. दिवसा बाहेर फोटो छान येतात, पण संध्याकाळी घरात मुलं हललेली येतात आणि खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो. तर कुठला मोड लावायचा?

डायल पीवर आणून ठेवा आणि तूर्तास मोडचा विषय सोडून द्या. तुमच्या दोन्ही तक्रारी मुळात मोडच्या नाहीत. पहिली शटरस्पीडची आहे (शटर किती वेळ उघडं राहतं), दुसरी एक्स्पोजरची (फोटो एकूण किती उजळ येतो). दोन्हींवरचा इलाज पीमध्ये हाताशी असतो आणि ऑटोमध्ये बहुतेक वेळा कुलूपबंद. पीमध्येही ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) आणि शटरस्पीड कॅमेराच ठरवतो, पण आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), फ्लॅश, व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार फोटोचे रंग सावरणं), फोकसची चौकट आणि फोटो किती उजळ हवा हे तुम्ही सांगू शकता. डायल नसलेल्या साध्या कॅमेऱ्यांतही मेनूमध्ये 'प्रोग्राम' नावाने हाच मोड सापडतो.

आधी शटरच्या बटणाबद्दल, कारण निम्मे फोटो तिथेच बिघडतात. हे बटण दोन टप्प्यांचं असतं. हलकं दाबलं की ते किंचित खाली जाऊन अडतं. तिथे थांबा. कॅमेरा फोकस करतो, उजेड मोजतो, चौकट हिरवी होते आणि बहुधा 'पीप' आवाज येतो. आता बोट न उचलता पूर्ण दाबा. एका दमात खटकन दाबलं तर फोकस व्हायला वेळ लागतो, तोवर हसणारं मूल तोंड फिरवतं, शिवाय त्या झटक्याने कॅमेराही हलतो. चौकट पिवळी किंवा लाल झाली, लुकलुकली, तर फोकस लागलेला नाही. कारणं ठरलेली असतात: वस्तू फार जवळ आहे, उजेड कमी आहे, किंवा चौकटीत कोरी भिंत आहे आणि लेन्सला धरायला एकही कड नाही. त्याच अंतरावरच्या एखाद्या कडेवर फोकस घ्या, बटण अर्धंच धरून ठेवा, कॅमेरा हवा तिथे वळवा आणि मग पूर्ण दाबा. त्यासाठी फोकसची चौकट 'मध्य' करून ठेवलेली बरी. नऊ किंवा त्याहून जास्त चौकटींतून कॅमेरा स्वतः निवडतो तेव्हा सगळ्यात जवळची वस्तू धरण्याकडे त्याचा कल असतो, मग चेहरा धूसर आणि पुढची फुलदाणी लखलखीत. माणसांचेच फोटो जास्त काढत असाल तर चेहरा ओळखण्याची सोय चालू ठेवा, ती चांगली चालते.

आता खिडकीजवळचा काळा चेहरा. कॅमेऱ्याला चेहरा की आकाश याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. साधारणपणे सगळी चौकट मिळून मध्यम करड्या छटेची व्हावी, एवढंच तो पाहतो. मागे झगझगीत खिडकी असली की तो उजेड कमी करतो आणि चेहरा त्यात बुडतो. याच कारणाने पांढरी भिंत मळकट येते आणि काळं कापड राखाडी. यावर अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण असतं, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. ते बऱ्याचदा मागच्या चार दिशांच्या पॅडवर वरच्या बाजूला असतं, किंवा मेनूत. ते एकतृतीयांशाच्या पायऱ्यांनी सरकतं, बहुतेक कॅमेऱ्यांत उणे २ ते अधिक २ पर्यंत. अधिक १ म्हणजे उजेड दुप्पट, उणे १ म्हणजे निम्मा. खिडकीसमोरच्या माणसाला अधिक १ पासून सुरुवात करा, पुरलं नाही तर १.७. खिडकी पांढरीफटक होईल, होऊ द्या. फोटो माणसाचा आहे. खिडकीबाहेरचंही दिसायला हवं असेल तर मात्र फ्लॅश 'नेहमी चालू'वर टाका. ऑटो फ्लॅश तिथे उडत नाही, कारण कॅमेऱ्याच्या मते भरपूर उजेड आहे.

एक खबरदारी: हे अधिक-उणे पुष्कळ कॅमेऱ्यांत बंद करून चालू केलं तरी तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो फिके आले तर आधी तिथे बघा, शून्यावर आणा.

संध्याकाळच्या घरातलं गणित आकड्यांत पाहू. समजा पीमध्ये बटण अर्धं दाबल्यावर पडद्यावर १/३०, एफ/३.३ (हा ॲपर्चरचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ २०० दिसलं. १/३० सेकंदात शांत बसलेला माणूस ठीक येतो, खेळणारं मूल नाही. बसल्या बसल्या हातवारे करणाऱ्या मुलाला निदान १/१२५ हवा, धावणाऱ्याला १/५००. १/३० वरून १/१२५ वर जायचं म्हणजे उजेड चौपट कमी. तो भरून काढायला आयएसओ चौपट करा, २०० चा ८०० होईल. फोटो थोडा दाणेदार दिसेल, पण हलणार नाही. दाणे सुसह्य असतात, हललेला चेहरा कशानेच दुरुस्त होत नाही.

त्याच जागेवरून झूम केलं तर? लेन्सवर '३.३-६.५' असं काही कोरलेलं असतं. पहिला आकडा झूम न करता मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या ॲपर्चरचा, दुसरा पूर्ण झूमचा. ३.३ वरून ६.५ म्हणजे उजेड जवळजवळ चौथाई. आता तोच १/१२५ हवा असेल तर आयएसओ ३२०० लागेल, आणि छोट्या सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) ३२०० म्हणजे चेहऱ्याचा रंगलेपाने फासल्यासारखा लगदा. म्हणून कमी उजेडात झूमला हात लावू नका, दोन पावलं पुढे जा. डिजिटल झूम तर मेनूतून कायमचा बंदच करा. तो फोटोची कड कापून उरलेला भाग ताणतो, ते काम नंतर संगणकावरही करता येतं.

आयएसओ ऑटोवर ठेवलात तर मेनूत त्याची वरची मर्यादा आहे का ते बघा. बहुतेक स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये १/२.३ इंच प्रकाराचा सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. त्याला मी ८०० ची मर्यादा घालेन, अडचणीत १६००. ज्यात १ इंच प्रकाराचा सेन्सर आहे (१३.२ बाय ८.८ मिलिमीटर) तिथे ३२०० पर्यंत जायला हरकत नाही. आणि स्टॅबिलायझेशनवर फार विसंबू नका. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, मुलाची धावपळ नाही.

हा सेन्सरचा आकार ए मोडच्या मुळाशीही आहे. ए म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा बघतो. कॅननच्या कॅमेऱ्यांवर हाच मोड 'एव्ही' आणि शटरचा 'टीव्ही' असा लिहिलेला असतो. त्या टीव्हीचा दूरदर्शनशी काही संबंध नाही. मोठ्या कॅमेऱ्यांवरचं शिकवणारे सांगतात की ॲपर्चर मोठं करा, मागचं सगळं छान धूसर होईल. १/२.३ इंचाच्या सेन्सरवर एफ/२.८ लावलंत तरी समोरपासून मागपर्यंत जवळपास सगळं स्पष्ट येतं, कारण तेवढ्याच दृश्यासाठी मोठ्या सेन्सरच्या, 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यावर स्पष्टतेची जी खोली एफ/१६ ला मिळते तीच इथे २.८ ला मिळते. उलट एफ/८ पर्यंत छिद्र बारीक केलंत तर प्रकाश कडांवर वळून पसरतो आणि अख्खा फोटो किंचित मऊ पडतो. काही साध्या कॅमेऱ्यांत तर खरं मिटणारं छिद्रच नसतं, एक गडद फिल्टर मध्ये सरकतो आणि पडद्यावर दोनच आकडे आलटून पालटून दिसतात. तेव्हा छोट्या सेन्सरवर ए मोडसाठी जीव टाकू नका. मागचं धूसर हवंच असेल तर माणसाला पार्श्वभूमीपासून चार-पाच मीटर पुढे आणा, स्वतः मागे जा आणि झूम करून चेहरा भरून घ्या. १ इंचाच्या सेन्सरवर मात्र ए मोडला अर्थ आहे.

एस मोड, म्हणजे शटर तुमचं, दोनच कामांना: हालचाल गोठवायला (१/५०० किंवा त्याहून वेगवान) आणि मुद्दाम वाहती दाखवायला, जसं धबधब्याचं पाणी १/४ सेकंदात. दुसऱ्यासाठी ट्रायपॉड हवा. पहिल्यात एक सापळा आहे. १/५०० लावल्यावर एफचा आकडा लाल झाला किंवा लुकलुकू लागला, तर लेन्स पूर्ण उघडूनही उजेड कमी पडतोय. कॅमेरा फोटो काढू देतो, पण तो काळा येतो. आयएसओ वाढवा किंवा शटर खाली आणा. आणखी एक: ट्यूब आणि काही एलईडी दिव्यांखाली वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, कारण दिवे विजेच्या लयीत मिणमिणत असतात. जिथे वीज ५० हर्ट्झची तिथे १/५० किंवा १/१०० लावा, ६० हर्ट्झची तिथे १/६० किंवा १/१२०.

एम लागतो तो कॅमेऱ्याची मोजणीच चुकते तिथे. पौर्णिमेचा चंद्र घ्या. चौकटभर काळोख बघून ऑटो उजेड वाढवत जातो आणि चंद्राची पांढरी टिकली होते. पण चंद्रावर तर भर उन्ह पडलेलं आहे! एममध्ये पूर्ण झूम, आयएसओ १००, एफ/६.५, १/२५० लावा, डाग दिसू लागतील. तिथून एक-एक पायरी वरखाली करून बघा. चंद्र अर्धा असेल तर शटर बराच मंद लागतो. एम नसेल तर पीमध्ये मीटरिंग (उजेडाची मोजणी) 'स्पॉट' करा, म्हणजे ती फक्त मधल्या ठिपक्यावरून होईल, चंद्र मधोमध धरा, तरी जास्त उजळ आला तर उणे १ किंवा २ करा. ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझेशन बंद आणि सेल्फ टायमर २ सेकंदांवर, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का विरून मग शटर उघडेल.

एससीएनमधले सीन मोड म्हणजे वरच्याच सेटिंगांची बांधलेली पुडकी. 'स्पोर्ट्स' शटर वेगवान करतो आणि आयएसओ चढवतो, 'बर्फ आणि समुद्रकिनारा' थोडा अधिक उजेड देतो, 'पोर्ट्रेट' त्वचा गुळगुळीत करतो (मला तो गुळगुळीतपणा आवडत नाही). दोन मात्र खरोखर कामाचे. 'हातात धरून रात्र' असा मोड असेल तर तो पटापट चार-सहा फोटो काढून एकत्र करतो आणि दाणे कमी होतात. हलणारी माणसं नकोत एवढंच. दुसरा 'नाइट पोर्ट्रेट': फ्लॅश चेहऱ्यावर पडतो आणि शटर जास्त वेळ उघडं राहून मागचे दिवेही येतात. फ्लॅश उडाला की फोटो झाला असं वाटून लोक लगेच हलतात. त्यांना 'दोन सेकंद थांबा' असं आधीच सांगून ठेवा. रेड-आय (फ्लॅशने डोळे लाल येणं) कमी करण्याच्या सोयीतही हेच होतं, पहिली उघडझाप फक्त डोळ्यांच्या बाहुल्या लहान करायला असते.

फ्लॅशचा पल्ला फार कमी, साधारण तीन-चार मीटर, झूम केल्यावर त्याहून कमी. सभागृहात मागच्या रांगेतून तो उडवला तर पुढच्या माणसांची डोकी उजळतात, मंच काळाच राहतो. काचेसमोर तो बंद करा किंवा तिरके उभे राहा. फोटोत अधांतरी तरंगणारे फिकट गोळे आले तर ते लेन्ससमोरचे धुळीचे कण, फ्लॅश लेन्सला इतका चिकटून असतो की जवळचे कण आधी चमकतात. आणि फोटोची एक बाजू अंधारी आली तर फ्लॅशवर बोट आहे का बघा.

फुलाची खूण मॅक्रोची. तो लावला की कॅमेरा काही सेंटिमीटरवर फोकस घेतो, पण झूम न करता. झूम केलं की हेच अंतर वाढत जातं आणि फोकस लागेनासा होतो. काम झालं की मॅक्रो काढा, नाहीतर काही कॅमेऱ्यांत दूरचं फोकस चाचपडतं.

पिवळ्या बल्बखाली सगळं नारिंगी येत असेल तर व्हाइट बॅलन्स 'बल्ब'वर न्या, किंवा त्याच उजेडात पांढरा कागद दाखवून 'कस्टम'मध्ये मोजून घ्या. उन्हात गेल्यावर परत ऑटोवर आणा, नाहीतर माणसं निळी येतील.

फोटो उजळ आला की काळा, हे पडद्यावरून ठरवू नका, रात्री तो फार उजळ भासतो आणि उन्हात अंधारा. फोटो बघताना डीआयएसपी किंवा इन्फो बटण दाबत राहिलात तर हिस्टोग्राम दिसेल, म्हणजे डावीकडे काळा ते उजवीकडे पांढरा असा उजेडाचा आलेख. ढीग उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर पांढऱ्या भागातला तपशील गेला, अधिक-उणे एक-दोन पायऱ्या खाली घ्या आणि पुन्हा काढा.

शेवटी, कॅमेरा अडकला असं वाटायला लावणारी एक गोष्ट. एस किंवा एममध्ये १५ सेकंदांचा फोटो काढलात की नंतर पुढची १५ सेकंदं पडदा 'बिझी' दाखवत राहतो, बटणं ऐकत नाहीत. कॅमेरा बिघडलेला नसतो. शटर मिटून तो तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेत असतो आणि त्यात दिसलेले तापलेल्या सेन्सरचे ठिपके तुमच्या फोटोतून वजा करतो. तेवढा वेळ बॅटरी काढू नका.