लकव्यासाठी नाकातून औषध: सध्या तरी नाकात काहीच सोडू नका

भाऊ, तुम्ही विचारलं का बाबांना लकवा मारून तीन आठवडे झाले, व्हॉट्सअॅपवर वाचलं का आता नाकात स्प्रे मारला की मेंदू वाचतो, तर तो नागपुरात कुठं भेटेल. असा स्प्रे आज कोणत्याच मेडिकलवर नाही. माझं यवतमाळ जिल्ह्यात औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली, हे विचारणारं कोणी ना कोणी येतेच. फिटसाठी मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे भेटतो, त्यावरून पण लोकांचा घोळ होतो, तो झटके थांबवायचा आहे, लकव्याचा नाही.

पण मेसेजमधली मूळ गोष्ट खोटी नाही. मेंदूतल्या रक्तनळ्यांना पक्कं कुंपण असते, गोळी-सलाईनमधली बहुतेक औषधं तिथंच अडतात. नाकाच्या एकदम वर वासाच्या नसा आहेत, त्या चाळणीसारख्या हाडातून सरळ मेंदूत जातात, चेहऱ्याच्या मोठ्या नसेच्या फांद्या पण नाकात उतरल्या आहेत, या नसांच्या कडेकडेनं औषध कुंपणाला वळसा घालून आत जाऊ शकते. अमेरिकेतले संशोधक विल्यम फ्रे यांनी १९८९ मध्ये ही वाट मांडली, आणि २००१ मध्ये उंदरांना मुद्दाम स्ट्रोक, म्हणजे लकवा, आणून इन्सुलिनसारखं एक प्रथिन नाकातून दिलं तर मेंदूचा मेलेला भाग कमी भरला.

मंग अडलं कुठं? उंदराच्या नाकात जवळपास अर्धं अस्तर वासाचं असते, माणसाच्या नाकात दहा टक्क्यांच्या आतच, तेही इतकं वर का साधा फवारा तिथवर धड पोचत नाही. एका नाकपुडीत दोन-चार थेंबच मावतात, अन् तेही पंधरा-वीस मिनिटांत शेंबडासोबत घशात उतरतात. त्यात मेंदू वाचवणारी औषधं जनावरात चालली अन् माणसात पडली असं लय वेळा झालं. एनएक्सवाय-०५९ म्हणून एक होतं, ते शिरेतून द्यायचे, २००६ च्या मोठ्या चाचणीत बरं वाटलं, २००७ च्या दुसऱ्या चाचणीत फायदा काहीच नाही.

तरी मला या वाटेची आस आहे, काऊन ते सांगतो. लकवा मेंदूच्या नळीत रक्ताची गुठळी अडकून येते, नाहीतर नळी फुटून रक्तस्राव झाल्यानं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत अन् डोक्याचा सीटी स्कॅन झाल्यावरच देतात, कारण आत रक्तस्राव असला तर तेच जिवावर उठते. आमच्या गावाहून सीटीपर्यंत दोन तास धरा. गुठळी असो का रक्तस्राव, दोन्हीत चालेल असं औषध १०८ च्या गाडीतच नाकातून देता आलं तर मेंदू तेवढा वेळ तग धरेल. गडचिरोलीत सर्च संस्थेनं ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली तेव्हा १४.३ टक्के मृत्यू लकव्याचे निघाले, सगळ्या कारणांत पहिला नंबर, अन् बहुतेक माणसं घरीच गेली.

आता माझ्या काकांचं सांगतो. सकाळी आठला कपाशीच्या धुऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत, उजवा हात लुळा, तोंड वाकडं. कोणी कांदा फोडून हुंगवला, कोणी लसणाचं तेल कोमट करून नाकात सोडलं, वरून तांब्याभर पाणी पाजलं. मी दुकानात होतो, तेल माझ्याच घरून गेलं. गिळणं बंद होतं, सगळं छातीत उतरलं. सीटी झाला दुपारी दोनला, चौथ्या दिवशी निमोनिया. नवव्या दिवशी काका गेले.

म्हणून हात जोडून सांगतो, नाकात-तोंडात काही टाकू नका, सीटीआधी मनानं अॅस्पिरिन नाही, बीपीची जास्तीची गोळी नाही. माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहा अन् १०८ लावा.

बाबांसाठी स्प्रेचा शोध सोडा. असं औषध निघालं तरी ते पहिल्या काही तासांचंच राहील, मेलेला भाग ते जिवंत करणार नाही. तुमचा रस्ता आता फिजिओ, बीपी-शुगर अन् डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या एक दिवस न चुकवता. पाणी पेताना त्यांना ठसका लागते का, अन् जेवण बसवून देता का झोपवून, तेवढं आजच लिहा.