ओरेगनमधल्या पोर्टलंडला नवीन घराच्या अंगणात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा वेल, लावता येईल का? आणि त्याचीच मुळी पुण्यात भावाच्या गच्चीवर रुजेल का?

पोर्टलंडला डोळे झाकून लावा. पुण्याचं मात्र डोक्यातून काढून टाका, कारण शेवटी सांगते.

मी तुमच्याच दक्षिणेला, ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात राहते. आमच्या दक्षिणेकडच्या भिंतीला कॅस्केड जातीच्या हॉप्सचे वेल आहेत. इथे हॉप्स लावणं सोपं, आवरणं कठीण. थंडीत वेल जमिनीपर्यंत वाळून जातो आणि वसंतात मुळापासून पुन्हा उठतो. मे-जूनमध्ये ऐन जोरात असला की दिवसाला फूटभरसुद्धा वाढतो आणि अठरा-वीस फूट चढतो. म्हणून जागा ठरवताना आधी वर बघा, मग खाली. दिवसभर ऊन, पाण्याचा निचरा आणि दोरी बांधायला उंच आधार, एवढं असलं की झालं.

जात कॅस्केडच घ्या असं माझं मत. सिट्रा, मोझॅक यांच्या मुळ्या घरगुती बागेसाठी विकत मिळत नाहीत, त्या जातींवर कंपन्यांचे हक्क आहेत. कॅस्केड इथलंच लेकरू आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोर्व्हॅलिसमधल्या संशोधनातून ते १९७२ मध्ये बाहेर आलं. आपल्याकडच्या ओल्या वसंतात ते बऱ्यापैकी तग धरतं. रोप किंवा मुळी ओरेगनमधल्याच नर्सरीतून आणा. रोग पसरू नयेत म्हणून बाहेरून हॉप्सची रोपं आणण्यावर राज्याचे निर्बंध आहेत. आणि मादी रोपच हवं. नराला आपल्याला हवी ती शंकूसारखी फुलं येत नाहीत, उलट त्याच्या परागांमुळे मादीच्या फुलांत बिया धरतात.

एप्रिलमध्ये मुळी आडवी, दोनेक इंच खोल पुरा. दोन वेलांत तीन फूट अंतर ठेवा. दोरी नायलॉनची नको. वेलाच्या अंगावरची बारीक आकडेदार लव खरबरीत दोरी पकडते, गुळगुळीत दोरीवरून घसरते. इथले शेतकरी काथ्याची दोरी वापरतात, त्यातली बरीचशी श्रीलंकेहून येते. म्हणजे आपला सुंभच. हंगाम संपला की वेलासकट कापून कंपोस्टमध्ये टाकता येतो. एका दोरीवर दोन-तीन जोमदार कोंब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा (उलटे गुंडाळलेत तर सुटून येतील), बाकीचे कापा. कोवळे कोंब परतून छान लागतात, फेकू नका.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारे भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग इथे हॉप्सवरही येतात. बुरशी अगदी तीच नव्हे, पण स्वभाव तसाच. वेल दोरीवर नीट चढला की खालच्या तीन फुटांतली पानं काढून टाका, हवा खेळू द्या आणि पाणी मुळाशीच घाला. खुरटलेला, पिवळट कोंब दिसला तर लगेच उपटा. घरात कुत्रा असेल तर जास्त जपा: ताजी, वाळलेली किंवा बिअर करून उरलेली, कुठलीही हॉप्स कुत्र्याच्या पोटात गेली तर त्याचा ताप इतका वाढतो की जीव जाऊ शकतो.

पहिल्या वर्षी मूठ-दोन मुठी मिळतील. तिसऱ्या वर्षापासून एका वेलाची वाळलेली पौंडभर फुलं निघू शकतात, आणि पाच गॅलन बिअरला काही औंसच पुरतात.

तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. फूल दाबून सोडल्यावर कागदासारखं कुरकुरलं, परत फुगलं आणि फाडल्यावर आत गडद पिवळी पूड दिसली की समजा तयार झालं. शंका असेल तर १० ग्रॅम हिरवी फुलं पूर्ण वाळवून परत तोला. दोन-सव्वादोन ग्रॅम भरली तर वेळ झाली. हातमोजे आणि लांब बाह्या घाला, नाहीतर हातांवर ओरखडे आणि खाज. नंतर सावलीत जाळीवर पसरून पंखा लावा. मधला देठ वाकण्याऐवजी मोडला की फुलं वाळली. मग हवा काढलेल्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये.

आता मुख्य सांगायचं ते हे. घरच्या हॉप्सवर कडवटपणाचा हिशोब सोडू नका. कडवटपणा फुलांतल्या अल्फा आम्लांचा, आणि ती तासभर उकळल्यावर उतरतात. कॅस्केडमध्ये ती साधारण साडेचार ते सात टक्के असतात, पण तुमच्या वेलाला यंदा किती हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. तेव्हा उकळीच्या सुरुवातीला टाकायची हॉप्स अल्फाचा आकडा छापलेल्या पाकिटातली वापरा आणि घरची अगदी शेवटी टाका: गॅस बंद करताना, किंवा आंबवण संपल्यावर. तोडल्या दिवशीच बिअर करणार असाल तर न वाळवताच, पाचपट वजनाने घाला. हिरव्या फुलांचा तो वास कुठल्याच पाकिटात मिळत नाही. माझ्या मते हॉप्स लावायचं खरं कारण हेच. पैसे वाचवायला कोणी लावू नयेत.

आता पुणे. हॉप्स फुलतात दिवसाच्या लांबीवर. जूनमध्ये पोर्टलंडचा सर्वांत मोठा दिवस पंधरा तास चाळीस मिनिटांचा, पुण्याचा जेमतेम सव्वातेरा तासांचा. तिथे वेलाला वाटतं हंगाम संपत आला. उंच व्हायच्या आधीच तो फुलायला लागतो आणि फुलं थोडकी येतात. फ्लोरिडा विद्यापीठाचे संशोधक रात्री शेतात दिवे लावून यावर उपाय करतात, पण गच्चीवर कोण करणार? भारतात हॉप्सची खरी शेती झाली ती हिमाचलच्या लाहौलमध्ये. शिवाय मुळी सामानात घालून नेता येत नाही. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. आणि हे सगळं जमवलंत तरी महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

भावालाच ऑगस्टअखेरीस इकडे बोलवा. तोडणीला जादा हात लागतातच.